परत आलेल्यांचा देव

चूक माझीच. वाद मी जिंकलो, पण जिंकताना ज्याचा दाखला दिला, तो माझा सख्खा काका होता.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कोल्हापूरच्या कॉलेजातून मी देवबागेत सुटीला आलो होतो. नारळी पौर्णिमेला देवळाच्या ओट्यावर कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून सांगत होते, "पृथ्वी सूर्याच्या जरा जवळ असती तर आपण भाजलो असतो, दूर असती तर गोठलो असतो. कोणीतरी मोजूनमापून ठेवली आहे." शहाळ्यात पाणी, समुद्रात बांगडे, सगळं म्हणे आमच्याच सोयीसाठी. एकीकडून खाडी, दुसरीकडून समुद्र दरवर्षी आमचे माड गिळत असताना माणसाला हे बोलवतं, याचं मला आजही हसू येतं.

"मगे डास कोणासाठी केल्यान?" एकाने विचारलं.

"तुझ्यासारख्या आळशाक उठवूक रे!"

सगळे हसले. कारकून चिडले. "गेल्या सालच्या वादळातून होड्या परत आल्या, त्या काय योगायोगानं?"

मी म्हणालो, "परत आलेलेच देवाचे आभार मानतात. बुडालेले सांगायला येतात का? आमच्या काकांना विचारा, त्यांच्यासाठी समुद्र कोणी मोजला होता!"

काका त्याच वादळात गेला होता. प्रेत मिळालं नव्हतं. घरात तो 'बुडालो' असं कोणी म्हणत नसे. 'येवचो आसा', यायचा आहे, म्हणत. काकी कुंकू लावत होती. माझं बोलणं संपताच ती ओट्याजवळ बसलेल्या बायकांतून उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी मासे विकायला आली तेव्हा कपाळ मोकळं होतं.

युक्तिवाद बिनचूक होता. जीव जिथे तगला तिथेच 'जग माझ्यासाठी केलंय' म्हणणारा भेटणार. त्यात योजना कसली? पण असलं बिनचूक बोलायला अक्कल लागत नाही, दोन वर्षांचं कॉलेज पुरतं.

नंतर वर्षभर दर सुटीत हा थोर विचारवंत काकीचं दार चुकवून खाडीच्या वाटेनं फिरला. शेवटी एका सकाळी गेलो. ती खारवायला बांगडे चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "इलंस? आज कोणाक बुडवूक इलंस?"

"काकी, मी चुकलंय. बोललंय तां खोटां नाय. पण तू थंय बसलेली माका दिसत होतीस, तरी मुद्दाम बोललंय. माका माफ कर."