जयपूरला नेलेलं मूल

जयपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या छातीशी वेताची टोपली होती आणि टोपलीत एक कापडी बाळ. ऑटोवाला म्हणाला, "मॅडम, बच्चे को हवा लग जाएगी." मी टोपलीवर शाल ओढली.

माझी धाकटी बहीण मंदा नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे इथे मुरलीपुऱ्यात राहते. नाताळाआधीच्या आगमनकाळात तिच्या चर्चमध्ये दर रविवारी ख्रिस्ताच्या एकेका बिरुदावर कोणीतरी बोलतं. तीन वर्षांत मंदाला तिथे कुठल्या कामासाठी कोणी विचारलं नव्हतं. यंदा तिनेच छाती ठोकून सांगितलं, माझी ताई बोलेल, ती मराठीची शिक्षिका होती. मला संगमनेरला निरोप आला : 'विषय – यिशै का मूल'. यिशै म्हणजे आपला इशाय, दावीद राजाचा बाप. त्याचं मूल म्हणजे त्याच्या कुळातलं बाळ. मी बाळ शिवायला घेतलं.

"ताई, मतलब, नाक नको कापूस हं माझं," गजक (तीळगुळाची खुसखुशीत वडी) पुढे करत मंदा म्हणाली. मी चार खाल्ल्या.

रविवारी चर्चमध्ये पाहते तर टेबलावर मातीसकट एक भलंथोरलं झाडाचं मूळ. लखनौकडचे पाद्रीसाहेब समजावत होते : इशायाचं घराणं तोडलेल्या झाडासारखं झालं, पण मूळ जिवंत राहिलं. त्या मुळाचंच नाव ख्रिस्ताला दिलंय. तेव्हा कुठे मला कळलं, हिंदीत मूल म्हणजे मूळ!

"अब बहनजी मूल के बारे में बताएँगी."

मी टोपलीवरची शाल काढली. आधी पोरं हसली, मग मोठी माणसं. मंदाने पदरात तोंड लपवलं. तिची संधी मी मातीत घातली याचं फार वाईट वाटलं. शेवटी खरं तेच सांगितलं, "हमारे मराठी में मूल मतलब बच्चा."

"तो जड़ को क्या कहते हैं?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"मूळ. जीभ वळवून."

त्यांनी तीनदा जीभ वळवली, तीनदा मूलच निघालं. मग ते स्वतःच हसले. "बात तो एक ही हुई, बहनजी. जो जड़ था, वही बच्चा बनके आया." त्यांनी बाळ उचलून मुळावर ठेवलं. चर्च सुटल्यावर बायका मंदाभोवती जमल्या, आणि ती ऐटीत सगळ्यांना ळ शिकवू लागली.

परतीच्या गाडीत मला मात्र माझी शाळा आठवत राहिली. 'झाडाचे मूल' लिहिणाऱ्या पोरांचे मी तीस वर्षं गुण कापले. त्यातल्या एकाने रडत विचारलं होतं, "बाई, कळलं ना पण तुम्हाला?" त्याची माफी मागावीशी वाटते, पण त्याचं नावच आठवत नाही.