रिकाम्या डब्यातले मामाचे ठोके

भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या लोकांनी चिंचेखालच्या बाईच्या गोष्टी काढल्या की मी सरळ उठून चहाला जायचो. पण दिंद्रुडला त्या दुपारी जे झालं... ते माझ्यासोबत झालंय, आणि त्याच्यामुळंच मी आज हे लिहायला शिल्लक आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

बाहेरच्या देशांचा माल तेव्हा नुकताच मोकळा झाला होता. मी बीडच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. दिंद्रुडला देवळात भक्तिगीतांचा कार्यक्रम ठरला होता आणि त्याचीच कॅसेट निघणार होती — आमची पहिली. कॅसेटसाठी बेसच्या स्पीकरपुढं माईक धरला तर आवाज घाण येतो. म्हणून मधे एक डबा लावून गिटार थेट मिक्सरमध्ये सोडतात. शिवाय मला आवाज जरा तापलेला, खरखरीत पाहिजे होता. माझ्याकडं असे दोन डबे होते. एक मित्रानं दुबईहून आणलेला, चकचकीत, पायानं दाबायचा. दुसरा माझ्या वैजनाथमामानं बनवलेला, पत्र्याचा आणि विटेएवढा जड.

मामाचं बीडमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान. माणूस फाटक्या तोंडाचा आणि एक नंबरचा बढाईखोर. डबा तयार झाला की वायरीच्या उघड्या टोकाला बोट लावून बघायचा. बोट लागलं की स्पीकर घुमतो. मामाचा ठेका ठरलेला — ढुम ढुम... ढुम. अख्ख्या गल्लीला कळायचं, मामाचं काम झालं.

"दोनी घेऊन जा," मामा म्हणाला. "तिथं ऐक, आन मग गुमान माजाच लाव. त्या दुबईवाल्याला म्हनाव, माज्याकडं शिकायला ये."

देवळात आमच्या मिक्सरवाल्या रफीकनं दोन्ही डबे मिक्सरला जोडून ठेवले. गिटारची वायर दुबईवाल्यात खोचली आणि गिटार लाकडी खुर्चीवर टेकवली. मामाच्या डब्याचं भोक रिकामंच. रफीक स्वतः सभामंडपाच्या बाहेर, बाकावर, पायात स्लिपर घालून बसला. मी आत जायचं म्हणून नळावर पाय धुतले आणि तसाच ओल्या पायांनी फरशीवरून गिटारकडं गेलो. हात तारांपासून वीतभर लांब असेल...

ढुम ढुम... ढुम.

स्पीकर दणाणले. मी हात मागं घेतला.

"कोण बोट लावतंय बे?" रफीक म्हणाला.

कुणीच नव्हतं. मी मामाच्या डब्याजवळ जाऊन वाकून बघितलं. भोकात वायर नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा — ढुम ढुम... ढुम. मिक्सरवर त्याच डब्याची सुई उडत होती. तो ठेका मी झोपेतसुद्धा ओळखला असता.

"करंट उतरतोय कुठंतरी. कशालाच हात लावू नको," म्हणत रफीक स्लिपरसकट आत आला आणि त्यानं गिटारच्या तारेला टेस्टर टेकवला. टेस्टर लख्ख पेटला.

"चिकटला असतास बे," तो एवढंच म्हणाला. मी तिथंच खाली बसलो.

मेन बंद केल्यावर कळलं. लाईट मंद येते म्हणून मंडपवाल्यानं न्यूट्रलची तार सोडून जमिनीत सळई ठोकली होती, आणि आमच्या मिक्सरचं अर्थिंगही त्याच सळईला बांधलं होतं. आमच्याकडं सगळेच करायचे हे. सळईला बादलीभर पाणी पाजायचं की काम भागतं. त्या दिवशी पाणी पाजायचं राहिलं. जमीन कोरडीठाक, त्यामुळं करंट मिक्सरच्या पत्र्यावर आणि तिथून माझ्या तारांत.

म्हणजे करंटचं कारण सापडलं. ठोक्यांचं नाही. रफीक म्हणाला, करंटनं डबा गुरगुरला असेल. असेल ना... पण मामाच्या ठेक्यात?

तारा नीट जोडून घेतल्या आणि कार्यक्रम मामाच्या डब्यावर केला. काय वाजवलं ते मला आठवत नाही. दिवस मावळायच्या आत बीडला पोचलो, ते थेट मामाच्या घरी. मामा बाजेवर पडलेला, उजव्या हाताच्या बोटाला हळदीचं फडकं. मामी उशाशी बसलेली.

"काय झालं मामी?"

"दुपारी जेवायला बसले व्हते. घास उचलला आन हात असा मागं फेकला की ताट पार दारात. बोटाचं टोक काळं ठिक्कर पडलं. मला वाटलं करंटच लागला, पर..."

"पण काय?"

"आरं, लाईट सकाळपसून न्हाई की इथं."

मी मामाच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता बढाई मारेल. त्यानं नुसतं विचारलं, "वाजला ना नीट?" मी हो म्हणालो आणि मला रडू फुटलं.

खूप जणांना विचारलं, वायरमनला, डॉक्टरला, देवळातल्या गुरवाला. कुणाला काही सांगता आलं नाही, मलाही येत नाही. मामाच्या बोटाचं टोक अजून तसंच काळं आहे. आता डबा तयार झाला की तो ठोके डाव्या हातानं देतो. उजव्यानं का देत नाहीस, असं विचारायची माझी आजवर हिंमत झालेली नाही.