पराते मॅडमचं कॉलेज कुठे गेलं?

सकाळचे अकरा. पूर्व नागपुरातल्या एका कॉलेजचा वनस्पतिशास्त्र विभाग. मी पत्रकार आणि याच कॉलेजचा माजी विद्यार्थी; तिथे बातमीसाठी कमी आणि चहासाठी जास्त जातो, त्यामुळे किस्से आपोआप साठतात. त्या दिवशी मात्र चहा तसाच गार झाला. संत्र्याच्या कलमांवरच्या रोगाविषयीचा, विभागातल्या पराते मॅडमचा पेपर परदेशी जर्नलमध्ये छापून आला होता. नाव बरोबर. पण नावाखाली आमच्या कॉलेजऐवजी सहलेखकाची दिल्लीची संस्था!

"काहून वं मॅडम, बदली झाली अन् पार्टी नाही?" शेजारच्या टेबलावरचे ढोके सर म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. विभागाला पीएच.डी.चं संशोधन केंद्र हवं होतं. तपासणी समिती कॉलेजच्या नावावरचेच पेपर धरते. हा पेपर गेला तर केंद्रही गेलं.

*

प्राचार्यांनी फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स आधीच लावलेला. पेपर पाहून म्हणाले, "जाऊ द्या. विज्ञान महत्त्वाचं!"

ढोके सरांनी खिडकीतून मागची कलमं दाखवली. "सर, नागपूरच्या मे महिन्यात यायले पाणी आम्ही टाकलं. दिल्लीवाले एक बादली तरी घेऊन आले होते काय?"

*

मॅडमने सहलेखकाला, म्हणजे दिल्लीच्या साहेबांना, माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर.

"अरे मॅडम, क्या फर्क पड़ता है?"

"नहीं पड़ता ना? तो आपका नाम हमारे कॉलेज के नीचे डाल दूँ?"

फोन कट!

*

जर्नलचा नियम असा, की दुरुस्तीला सगळ्या लेखकांची लेखी संमती हवी. साहेब ती देईनात. मी म्हटलं, "मॅडम, थकाल."

"माहे बाबा हातमागावर लुगडे विणत होते. इतवारीतला दुकानदार त्याच्यावर आपला शिक्का मारे. बाबा गप राहिले. मी काहून राहू?"

उभ्या आयुष्यात एवढं सरळ वाक्य मला कुठल्या मंत्र्याने दिलेलं नाही. मग मीही दर सोमवारी साहेबांना फोन करून विचारू लागलो, "संमती न देण्याचं कारण छापायचं आहे, सांगता का?" शेवटी संमती आली.

*

दुरुस्ती छापून आली. मॅडमच्या नावाखाली आमचं कॉलेज! पुढे समिती येऊन गेली, केंद्र मिळालं. पाटी आज विभागाच्या दारावर आहे. मी तिच्यावरून हात फिरवून आलो.

पण दुरुस्ती आली त्या सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती. जर्नलने घाईत दिल्लीच्या साहेबांच्या नावाखालीही आमचंच कॉलेज टाकलं होतं!

ढोके सर उठून उभे राहिले. "या साहेब, बादली भरून ठेवली आहे!"

साहेबांना आता फार फरक पडला. दुसऱ्या सकाळी त्यांची संस्था जागेवर!

नियम तोच आहे. सगळ्या लेखकांची लेखी संमती. पराते मॅडमही लेखक आहेत. या दुसऱ्या दुरुस्तीआधी त्यांना कोणीही विचारलं नाही.

का, हे मी जर्नलच्या संपादकांना विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.