जामीन झाला, गोळ्या राहिल्या

सातवीतून शाळा सोडून मी बीडकडून उल्हासनगरला आलो, एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्स शिवायला. नव्वदच्या सुमारास शेजारच्या गोदामातून कापडाचे तागे चोरीला गेले आणि पोलिसांनी गल्लीतली परगावची पोरं उचलली. त्यात मीही कच्चा कैदी झालो.

बराकीत बरेच जण खोकायचे. मला तर घामही यायचा. एकदा बाहेरचे डॉक्टर टीबी तपासायला आले. प्रत्येकाला झाकणाची डबी दिली; सकाळी चूळ भरून तिच्यात बेडका काढायचा. टीबी निघालेल्याला वेगळ्या खोलीत टाकतात, या भीतीने मी नुसती थुंकी टाकली.

शेजारी अंबरनाथचे एक कारखाना कामगार झोपायचे, मारामारीच्या केसमधले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी माझी डबी उजेडात धरली.

"हे तर नुसतं पाणी. डॉक्टर लिहील, नळाला टीबी नाही."

"मामा, पण निघाला तर?"

"तुझ्या शेजारी मी झोपतो, भाच्या. मलाही कळू दे की."

त्यांनी मला ओणवं बसवून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे आतून आलं.

माझा निघाला. मामांचा नाही, तेवढं हायसं वाटलं. मला वेगळ्या खोलीत टाकलं, पण मामा दाराशी येऊन बोलायचे. गोळ्या आणि सुया सुरू झाल्या. तुरुंगाचे कंपाउंडर समोर उभे राहून गिळायला लावायचे. "मध्येच सोडशील तर उलटेल, मग याच गोळ्या लागू पडणार नाहीत," म्हणायचे.

भूक लागू लागली होती, तेवढ्यात शेठनी माझा जामीन केला. मी घाबरलो. कारखान्यात आम्ही सगळी पोरं मशिनींच्या मध्ये अंगाला अंग लावून झोपायचो. सांगितलं तर काम आणि जागा दोन्ही जाणार. लपवलं तर गोळ्या बंद, आणि पोरांनाही लागण.

"मामा, थोडे दिवस इथंच राहता नाही येणार?"

"येडा आहेस काय? लोक इथून सुटायला पैसे चारतात. शेठना गेटवरच सांगून टाक. रिक्षात बसलास की तुझं तोंड उघडायचं नाही."

गेटवरच सांगितलं. शेठ दोन पावलं मागे सरले, तोंडाला रुमाल लावला. मग विचारलं,

"दवाई चालू है ना?"

"हो, शेठ. पण आता बाहेरून घ्यावी लागेल."

"तो चल, पहले दवाखाना. तू ऊपर के कमरे में सोएगा. और बाकी लडके लोग का भी चेक करवाना पडेगा, बाबा."

पोरं माझ्यावर चिडली. तपासणीत कुणाचंच काही निघालं नाही, तरी काही दिवस बोलली नाहीत. मग त्यांच्यातलाच एक जण माझं जेवण वरच्या खोलीत आणून द्यायला लागला. थाळी वेगळी होती, त्याचं वाईट वाटायचं. गोळ्या पुऱ्या झाल्यावरच मी आईला भेटायला गावी गेलो.