दगडाला हात लावायचा न्हाई

आमच्या दुबलगुंडी गावच्या रानात दगडांना तोटा नाही. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात सासूबाईंबरोबर मी पंधरा दिवस नुसते दगड वेचून बांधावर टाकले. पुढच्या साली नांगर लागला तर तितकेच पुन्हा वर. त्यामुळं अमेरिकेत आमचा मुलगा जेव्हा म्हणाला, "माय, रविवारी तुमाला दगड बघायला नेतो," तेव्हा माझं डोकंच फिरलं. व्हिसासाठी चेन्नईच्या दोन खेपा, विमानात सुजलेले पाय, हे सगळं दगडासाठी केलं होतं का?

खरं तर मी तिकडं काहीच बघायला गेले नव्हते. आम्ही दोघं त्याला अजून हवे आहोत की नकोत, एवढंच मला बघायचं होतं. इंजिनियर होऊन तो हैदराबादेत लागला आणि तिथून अमेरिकेला गेला. सहा वर्षांत दोनदा आला, दुसऱ्यांदा तर आठच दिवस. फोनवर "बरं हाय, जेवलो, ठेवतो." तिथं पोचलो तरी तेच. सकाळी जायचा, दिवे लागल्यावर यायचा, दोन घास खाऊन कॉम्प्युटरपुढं बसायचा. चिटगुप्प्याच्या शाळेत मी पंचवीस वर्षं पोरं हाकली आहेत. कोणत्या पोराला आपण नकोसे झालोत, ते मला पाठीमागून कळतं. तीन आठवड्यांत मी निकाल लावून टाकला होता. ही पहिली आणि शेवटचीच खेप, पुन्हा यायचं नाही, आणि हे त्याच्या तोंडावर सांगायचं. फक्त वेळ सापडत नव्हती.

माझे यजमान मात्र मजेत होते. त्यांचं घराणं धनगराचं. मेंढरं जाऊन शेती आली, तरी बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी कमरेची सुटली नाही. ती पिवळी पूड बघून विमानतळावरच्या बाईनं आम्हाला अर्धा तास उभं केलं होतं. हळद आहे, देवाची आहे, हे मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगून सांगून थकले आणि हे शेजारी उभे राहून हसत होते.

रविवारी निघालो. मुलगा पार्क म्हणाला होता, म्हणून हिरवळ, कारंजं, बसायला बाकडी असं धरून मी नवी चप्पल आणि इस्त्रीची साडी घातली. दीड तासानं गाडी थांबली तिथं काटेरी झुडपं, तापलेली माती आणि दगडांचे तीन डोंगर. माणसं पाठीला गाद्या बांधून फिरत होती.

"ह्यांना घरी झोपायला जागा न्हाई का?" मी विचारलं.

"माय, दगडावर चढतेत. पडले की गादीवर पडतेत."

"आन् पडायला इथपर्यंत येतेत?"

"मी बी येतो, दर रविवारी."

ऐकून मी गारच झाले. त्यानं लगेच करून दाखवलं. खडूची पूड हाताला चोळली आणि तो उभ्या दगडाला पालीसारखा चिकटला. दोरी नाही, काही नाही. खाली दोन गोरी पोरं त्याला सावरायला हात वर करून उभी होती, त्याला नावानं हाका मारून जोर देत होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी त्याला मोठ्यानं हसताना ऐकलं. आनंद व्हायला पाहिजे होता, पण झाला राग. आम्हाला दिवसाकाठी चार शब्द आणि दगडाला हे हसू!

दुपारी तिथल्या दगडांवरची जुनी चित्रं बघायची होती. तिकडं वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, आणि त्याआधी नियमांचा सिनेमा बघावा लागतो. सिनेमात हे घोरले. मुलानं त्यांना हलवून उठवलं आणि सगळ्या नियमांचं एका वाक्यात मराठी करून टाकलं, "अप्पा, चित्राला हात लावायचा न्हाई."

"बरं," हे म्हणाले.

वाटाड्या म्हणजे टोपीतला एक वयस्कर गोरा माणूस. तो पुढं, मागं आठ-दहा माणसं, आणि शेवटी नव्या चपलेतून खडे झाडत मी. दगडांत रांजणासारखे खळगे होते, काहींत पाणी. हे वाकून बघत म्हणाले, "पाणी हाय म्हंजे जित्राबं आली आस्तील. जित्राबं आली म्हंजे देव बी आसंल." मी म्हटलं, "गप चाला." थोड्या वेळानं तो वाटाड्या इंग्रजीत साधारण तेच सांगायला लागला आणि सगळे माना डोलावायला लागले. ह्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, तशी मी चपलेतला खडा काढायला वाकले.

एका कपारीत वाकून शिरलो. आत दगडावर एक तोंड रंगवलेलं. नुसतं तोंड. दोन मोठाले डोळे, तांबडा रंग, शेकडो वर्षांपूर्वी कुणी तरी काढलेलं. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. वाटाड्या बाकीच्यांना घेऊन पुढच्या वळणाला गेला. मुलगा आमच्यासाठी मागं थांबला. आणि ह्यांचा हात कमरेला गेला.

"अवो, काय करायलाव?" मी ओरडले. मुलानं झेप घेतली, पण पिशवीच त्याच्या हाताला लागली.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

तांबड्या तोंडाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं पिवळं झालं. दगड, जमीन, मुलाचे दोन्ही तळवे, सगळं.

"अप्पा, सांगितलो न्हवतो का मी?"

"मी हात कुटं लावलो?" हे खरोखरच चकित झाले होते. "लांबूनच उधळलो की."

आणि त्यांचं खरं होतं, ह्याचाच तर संताप! आमच्यात देवाच्या दगडाला उठसूट हात लावत नाहीत, भंडारा लांबूनच उधळतात. ह्या माणसानं नियम तंतोतंत पाळला होता. नियमाचं मराठी करणाऱ्या मुलाला ही गोष्ट आठवली नाही, आणि मला, एवढ्या मोठ्या मास्तरणीला, आठवली नाही.

आरोळी ऐकून वाटाड्या धावत आला. भिंत बघून त्याचा चेहरा पडला. ओरडला नाही. म्हातारा डोळ्यांत पाणी आणून नुसता बघत राहिला, आणि तेव्हा मला आमची फार लाज वाटली. मी ह्यांचा पिवळा हात पदराखाली ओढून घेतला. कुणी केलं, असं त्यानं विचारलं. मुलानं आपले पिवळे तळवे पुढं केले.

"मी," तो म्हणाला. एवढं इंग्रजी मला येतं.

कचेरीत नेऊन त्याचं नाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहून घेतला. भंडारा आम्ही पुसायचा नाही, त्यासाठी जाणकार माणसं येतील, असं सांगितलं. मुलाला तिथं पुन्हा पाऊल ठेवायची बंदी घातली. बाहेर ती दोन गोरी पोरं गाद्या घेऊन उभी होती. तो त्यांच्याशी काही तरी बोलला, एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही गाडीत बसलो.

मागच्या सीटवर हे म्हणत होते, "पुसायचं न्हाई म्हणले न्हवं? मंग ऱ्हातंय की देवाच्या अंगावर." मला वाटलं, ह्यांना इथंच उतरवावं.

"कामून घेतलास रं आंगावर?" मी मुलाला विचारलं. "म्हातारा मानूस हाय, चुकला म्हणून सांगायचं हुतं. त्यांनी काय फाशी दिली आस्ती का? आता तुजं येनं बंद झालं न्हवं हितं?"

त्यानं समोरचा आरसा सारखा केला. मला वाटलं, नेहमीसारखंच, आता घरी जाऊन कॉम्प्युटर.

"अप्पाचं नाव लिहून घेतले आस्ते," तो म्हणाला. "फुडच्या बारीला व्हिसाला आडवं आलं आस्तं."

"फुडच्या बारीला?"

"मंग? येनार न्हाई का तुमी?"

तीन आठवडे घोकून ठेवलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी खिडकीकडं तोंड केलं आणि म्हटलं, समोर बघून गाडी चालव.