तोंडभर खिळे

खिळेकाकांचं तोंड दिवसभर भरलेलं असे, तेही खिळ्यांनी. सोफ्याला कापड चढवताना मूठभर बारीक खिळे गालात ठेवायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने टिपायचा आणि ठोकायचा. गिऱ्हाइकाला ‘हूं’ किंवा ‘अंहं’ यापलीकडे उत्तर मिळत नसे. बोलायचं खातं भागीदाराकडे. हा शाळेपासूनचा मित्र. खुर्चीचं माप घेता घेता तो गिऱ्हाइकाच्या पणजोबांपर्यंत जाऊन यायचा.

काकांना एचआयव्ही आहे, हे बायकोशिवाय एकट्या भागीदाराला ठाऊक होतं. एवढ्या बडबड्याने ही एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षं पोटात ठेवली होती. पहिल्या दिवशी दवाखान्यातही तोच सोबत होता. डॉक्टरीणबाईंनी दोघांसमोर बजावलं होतं, “रोज ही एक गोळी. दुसरं कुठलंही औषध आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.”

काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की डोकं दुखलं तर फडकं बांधून बसत आणि ते शेजाऱ्याचं डोकं असल्यासारखा चेहरा करत. पुढे रक्तात विषाणू सापडेनासाच झाला. भागीदार म्हणाला, “तुझ्या शिस्तीला कंटाळून पळाला बिचारा!”

मग नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं आणि काकांची कंबर धरली.

“लेका, एक दुखण्याची गोळी घे की.”

“बाईंना विचारल्याशिवाय नाही.”

“मग विचारून ये!”

“खुर्च्या झाल्या की जातो.”

दुसऱ्या दिवशी भागीदाराने पुडी आणली. “हे औषध नव्हेच. निव्वळ झाडपाला. माझ्या मावशीच्या गावचा.”

काकांनी ती पाण्यातून घेतली आणि दुपारपर्यंत ते खुर्चीखाली असे शिरले, जणू कंबर नवीन बसवून आणली होती. खुर्च्या संपल्या, पुड्या काही संपल्या नाहीत.

काही महिन्यांनी पाय सुजले, चपला घट्ट झाल्या. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई कागद बघतच राहिल्या.

“काका, मूत्रपिंडांचं काम निम्म्याच्या खाली आलंय. तुमची गोळी त्यांना थोडी जड जाते, म्हणूनच आपण तपासत असतो. पण इतक्या झपाट्याने? दुसरं काही घेताय?”

“अंहं,” काका म्हणाले. तोंडात खिळे नव्हते, पण सवय. मग हळूच, “कंबरेसाठी झाडपाला घेतो थोडा.”

“आणून दाखवा.”

काका तडक दुकानात आले. भागीदार दाराकडे पाठ करून बसला होता. पुढे रेक्झिनचा तुकडा, त्यावर पांढऱ्या गोळ्या, बाजूला दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. गोळ्या कुटायच्या आणि वाळक्या पाल्याच्या चुऱ्यात मिसळायच्या, असा उद्योग चालला होता. शाळेपासूनच्या या मित्राला मावशीच नाही, हे काकांना आत्ता आठवलं.

“अरे, आलास? काय म्हणाल्या बाई?”

“मूत्रपिंडं गेली म्हणाल्या. निम्मी.”

भागीदाराचा हात थांबला. “तू गोळी घेत नव्हतास. रडकुंडीला आला होतास. मला बघवेना रे.”

“बाई सांगत होत्या तेव्हा तू माझ्या शेजारी होतास.”

“होतो.”

“आणि कुटलंस माझ्या हातोडीने?”

“माझी सापडेना.”

पुड्या बंद झाल्या. रोजच्या दुखण्याच्या गोळ्यांनीच मूत्रपिंडं खाल्ली, असं सांगून बाईंनी एचआयव्हीची गोळी बदलून दिली. गेलं ते बहुधा परत येणार नाही, म्हणाल्या. उरलंय ते जपा, नाहीतर डायलिसिसवर जावं लागेल.

घरी बायको म्हणाली, “अहो, भावजींनी काही वाईट चिंतलं नसेल हो.”

“चिंतलं असतं तर बरं झालं असतं. दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.”

काका दुकानात जाऊ लागले. एकाने कापड ताणायचं आणि दुसऱ्याने ठोकायचं असं ते काम. एकट्याने होत नाही. पूर्वी चहा आला की काका खिळे वाटीत काढत आणि दोघांच्या गप्पा रंगत. आता चहा येई, साय धरी आणि तसाच गार होई. खिळे गालातच.

“अरे, निदान शिव्या तरी दे!” कापड ताणून धरत भागीदार म्हणाला.

काकांनी एक खिळा ओठांवर आणला, टिपला, ठोकला.

खुर्चीची एक कड ठोकून झाली. मग भागीदाराने खालच्या आवाजात विचारलं, “कंबर दुखतेय का रे?”

कंबरेतून कळ थेट टाचेपर्यंत जात होती.

“अंहं,” काका म्हणाले.