पडद्यावरची मोठी विभूती

नीलगंगाक्कांनी सातव्यांदा यादी उघडली. मृत, विकलं, जिवंत असे तीन शब्द एकाखाली एक पडद्यावर उतरले. या तिघांचा फोटो घ्यायचा, एवढंच काम. त्यांनी श्वास रोखून फोटोची बटणं एकदम दाबली. पडदा काळवंडला आणि यादी मिटली. फोटोत आली ती नुसती रिकामी चौकट.

"थू तुझ्या तोंडावर!" अक्का कॉम्प्युटरला म्हणाल्या.

सकाळी लिंगपूजा करून आलेल्या तोंडातून असं काही निघू नये, हे त्यांना कळत होतं. पण सकाळपासून हेच चाललं होतं. यादी उघडी असताना फोटोचं बटण दाबलं, की यादीला वाटायचं आपलं काम संपलं, आणि ती मिटायची. लाजाळूच्या पानालासुद्धा याहून जास्त धीर असतो.

गदग-बेटगेरीच्या त्या दूध संघात अक्कांना एकवीस वर्षं झाली होती. नवरा गेला, तेव्हा टायपिस्ट म्हणून लागल्या. पुढे कॉम्प्युटर आला आणि गावोगावच्या दूध सोसायट्यांच्या सेक्रेटरी बायकांना तो शिकवायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. या बायका चौथी-सातवी शिकलेल्या. मजकूर वाचायच्या नाहीत, चित्र वाचायच्या. म्हणून अक्का पडद्याचे फोटो काढून पुस्तिका करत. आधी हे दाब, मग हे, मग हे. प्रत्येक फोटोवर एक लाल गोल. पडद्यावर तीन आडव्या रेघांची जी खूण असते, तिला या बायकांनी पहिल्याच शिबिरात नाव दिलं होतं, विभूती. कपाळावर तीन बोटं ओढल्यावर उमटते तशीच ती दिसते. तेव्हापासून अक्कांच्या प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेलं असे, 'विभूतीवर दाबा.' बेंगळुरूहून आलेले प्रोग्रामवाले हसले होते. बायका मात्र एकदाही चुकल्या नव्हत्या.

पूर्वी फोटोचं साधन निराळं होतं. दिसायला ओबडधोबड, पण गुणी. त्याला सांगायचं, पाच सेकंद थांब. तेवढ्यात आपण यादी उघडून बसायचं, आणि ते गुपचूप फोटो घ्यायचं. मग एके दिवशी कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन आपणहून सुरू झाला, आणि जुनं साधन गेलं. त्याच्या जागी गुळगुळीत कोपऱ्यांचं नवं आलं. त्यात थांबायची सोय नाही. रेघ ओढावी तर गांडुळासारखी वळवळते. फोटोवर दोन अक्षरं लिहायची म्हटलं तर जागा नाही. घेतलेला फोटो कुठे ठेवला ते सांगत नाही, आणि मधेच दुसरं काही उचललं की पहिला गेलाच. पूर्वी एक बटण दाबलं की सगळा पडदा मुकाट्याने टिपला जाई. आता ते बटणही यालाच बोलावून आणतं. वर कोपऱ्यात पाटी लागते, 'नवा अनुभव कसा वाटला? तारे द्या.' अक्कांना त्या पाटीची शिसारी आली होती. ताटात झुरळ घालायचं आणि स्वयंपाक कसा झाला विचारायचं, तसलं ते.

मॅनेजर पट्टणशेट्टी साहेब डोकावले. वय एकोणतीस, शर्टाला कडक इस्त्री.

"काय अक्का, झाली का पुस्तिका? चारला छापायला जायचीय."

"एक फोटो राहिलाय. यादी उघडी राहत नाही."

"मग लिहून टाका ना. यादीतून जिवंत निवडा. संपलं."

"बसापूरच्या कल्लव्वाला लिहिलेलं कळत नाही, साहेब. तिला दिसायला लागतं."

"कल्लव्वाला कळत नसेल तर कळणारा कुणीतरी बसवू," साहेब थंड आवाजात म्हणाले. "वर कळवलंय मी. एक तारखेपासून जनावरांची नोंद कॉम्प्युटरवर. जिथली नोंद चुकेल, तिथली सेक्रेटरी बदलायची. नोंद असेल तेवढीच लस गावात जाणार. थट्टा नाहीय ही."

अक्का पुन्हा पडद्याकडे वळल्या. कल्लव्वा एकोणीस वर्षं बसापूरची सोसायटी सांभाळत होती. गावातली त्रेसष्ट जनावरं तिला नावानिशी पाठ. कुठली गाय कुणाच्या दारात, कुठली माजावर, कुठलीला खुरांचा त्रास, सगळं जिभेच्या टोकावर. आणि या नव्या प्रोग्रामची अशी खोड, की यादीला हातच लावला नाही तर तो पहिला शब्द उचलणार. पहिला शब्द, मृत.

साडेतीन झाले. अक्कांनी शेवटी पिशवीतून मोबाइल काढला, डाव्या हाताने यादी उघडली आणि उजव्या हाताने पडद्याचाच फोटो घेतला. आपल्याच घराच्या खिडकीतून चोरासारखं आत उतरावं, तसं त्यांना वाटलं. फोटो जरासा तिरका आला होता, त्यावर जाळी पडल्यासारखी वाटत होती, पण यादी होती. तिन्ही शब्द स्वच्छ. ओळीच्या टोकाला छोटी विभूती होती, तिच्यावर लाल गोल केला. पुस्तिका छापायला गेली. घरी जाताना त्यांनी कोपऱ्यावरून दोन मिरची भजी घेतली आणि ती खातानाही त्यांचं तोंड कडूच होतं.

एक तारीख सोमवारी आली. मंगळवारी दुपारी कल्लव्वा संघाच्या दारात उभी. डोक्यावरचा पदर घामाने चिकटलेला, काखेत पुस्तिका.

"नीलगंगव्वा, माझी सगळी गुरं मेली गं!"

"काय बोलतेस?"

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट. लसवाला आला आणि गेटवरनंच परत निघाला. म्हणतो, अव्वा, तुझ्या गावात जिवंत जनावरच नाही, टोचू कुणाला? माझी गौरी त्याच्या गाडीला शिंग घासत उभी होती!"

आतून पट्टणशेट्टी आले. त्यांच्या हातात बसापूरचा छापील कागद होता.

"हेच सांगत होतो मी, अक्का. सगळ्यांच्या आधी यांनी भरलं आणि सगळं मृत. उद्या बसापूरला पत्र जाईल."

कल्लव्वाने पुस्तिका टेबलावर उघडून पालथ्या हाताने थोपटली. "तुझ्या पुस्तकात आहे तसंच केलं. एक बोटभर इकडंतिकडं नाही. विभूतीवर दाब म्हटलंस, दाबली. दोन होत्या. मी म्हटलं, धाकटीपेक्षा थोरली बरी. थोरली जिथं होती तिथं दाबलं."

"दोन?" अक्कांनी चष्मा पुसला आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

होत्या. यादीच्या टोकाला छोटी, लाल गोलातली. आणि खाली, पडद्याच्या काळ्या पट्टीवर, 'सर्व जतन करा' लिहिलेल्या बटणाच्या बरोब्बर वर, अक्षरं झाकून टाकणारी मोठी, पांढरीशुभ्र दुसरी. तीन रेघा. अक्का बघत राहिल्या. मग त्यांचा हात आपसूक कपाळाकडे गेला.

काचेत त्यांचंच कपाळ उतरलं होतं. चेहरा काळ्यात काळा मिसळून गेलेला, आणि सकाळी ओढलेली भस्माची तीन बोटं तेवढी छापली गेलेली.

"अगं बाई," कल्लव्वा म्हणाली. "म्हणजे मी तुझं कपाळ दाबलं होय?" आणि इतकी रडकुंडीला आलेली असूनही तिला हसू आलं. "तरी म्हटलं, विभूती भारी ठसठशीत काढलीय!"

पट्टणशेट्टी हसले नाहीत. "फोटो काढताना पुसायची होती, अक्का."

एकवीस वर्षांत अक्कांनी कधी वरच्यांपुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा केला.

"सात वर्षांची असल्यापासून ती आहे तिथे, साहेब. तुमच्या यंत्राला समोर उघडी असलेली यादी धरता येत नाही, म्हणून मी कपाळ धुवायचं? चूक माझ्या पुस्तिकेची आहे. थोरलीखाली 'सर्व जतन करा' होतं, तेच दाबलं गेलं आणि यादीतला पहिला शब्द सगळ्या गुरांना चिकटला. पत्र लिहायचं तर माझ्या नावाने लिहा. ही बाई सगळ्यांच्या आधी बसली आणि दाखवलं तसं करून मोकळी झाली. बाकीच्या अजून वाट बघत बसल्यात, म्हणून त्यांची गुरं जिवंत आहेत."

साहेब पान बघत राहिले. मग तेही चष्मा काढून जवळून बघायला लागले. "एकशेबारा पुस्तिका गेल्यात," ते हळूच म्हणाले.

"मला दुपार द्या."

"नोंद संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते. त्यानंतर माझ्या हातात नाही."

अक्कांनी पुन्हा एकदा, आठव्यांदा, ते साधन उघडून पाहिलं. पडदा काळवंडला, यादी मिटली, कोपऱ्यात पाटी आली: तारे द्या. त्यांनी ती बंद केली. टेबलाच्या खणातून पट्टी, पेन्सिल आणि लाल-काळी पेनं काढली. रोज सकाळी उंबऱ्यावर रांगोळी घालणारा हात तो. त्यांनी कोऱ्या कागदावर पडदा काढला. चौकट, चौकटीच्या टोकाला विभूती, तिच्याखाली उघडलेली यादी, यादीत तीन शब्द, तिसऱ्याभोवती लाल गोल. मृत या शब्दावर त्यांनी बारीकशी फुली मारली. खालच्या काळ्या पट्टीवर लिहिलं, 'हे शेवटी.' कागद झेरॉक्सला गेला. एकशेबारा चिठ्ठ्या. खळ कल्लव्वाने शिजवली आणि टपालाने पाठवायच्या चिठ्ठ्यांच्या घड्याही तिनेच घातल्या.

पहिली चिठ्ठी तिच्याच पुस्तिकेत चिकटली. मग अक्कांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण मागे उभ्या राहिल्या. माऊसला हात लावला नाही.

कल्लव्वाने कागद बघितला, पडदा बघितला. धाकटी विभूती दाबली. यादी उतरली आणि मुकाट्याने उघडी राहिली. तिसरा शब्द.

"गौरी," ती म्हणाली, आणि गौरी जिवंत झाली. "तुंगी. शिवगंगी. ही खुरवाली, हिला अजून बरं नाही, पण आहे, जिवंत."

पट्टणशेट्टी दारात उभे राहून मोजत होते. पाच वाजून दहा मिनिटांनी त्रेसष्टावी कालवड उठली आणि कल्लव्वाने शेवटी खालच्या काळ्या पट्टीवर दाबलं. त्यांनी हातातला बसापूरचा कागद फाडला नाही, नुसता दुमडून खिशात घातला.

"पत्र?" अक्कांनी विचारलं.

"कुणाला लिहू?" ते म्हणाले. "गुरं तर आहेत."

कल्लव्वाने फडक्यातून ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी काढली, तिघांपुढे ठेवली आणि साहेबांना म्हणाली, "खावा. सकाळची आहे, पण जिवंत आहे."

पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा पाटी आली. अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पडद्याकडे न बघताच त्याची वीज बंद केली.